विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारचा ‘कॅटकॉन’ बदलताना काय पाहावे?

गाडीचा पिकअप गेला, खालून खडखड ऐकू येऊ लागली, की गॅरेजमध्ये अनेकदा एकच सल्ला मिळतो : ‘कॅटकॉन काढून टाका, सरळ पाइप लावा.’ पैसे वाचतात, आवाजही दणदणीत येतो. फियाट पॅलिओ १.६, पहिली होंडा सिटी व्हीटेक किंवा गोव्यात बनलेली दोन आसनी सान स्टॉर्म हौसेने जपणाऱ्यांना तो पटतोही. पण पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात तरी हा सल्ला मानू नये. का, ते पाहू.

कॅटकॉन नेमके काय करतो?

तारापूर एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक हा शब्द नवा नाही. स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा हा पदार्थ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही त्याच तत्त्वावरची, धुराच्या पाइपात बसवलेली छोटी डबी. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची किंवा धातूची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. तो तीन कामे करतो : विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेले इंधन जाळतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. यासाठी जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते. हवा आणि पेट्रोलचे प्रमाणही वजनाने १४.७ ला १ च्या आसपास राहावे लागते.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये ते देशभर लागू झाले.

नवा घेण्याआधी काय तपासावे?

जुना का गेला, हे आधी शोधावे. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर इंजिन ‘मिस’ करते, न जळलेले पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधील फॉस्फरसचा थर जाळीवर बसतो. ऑक्सिजन सेन्सर जुना झाला असेल तर मिश्रण बिघडते. ही दुखणी तशीच ठेवून नवा कॅटकॉन बसवला, तर तोही लवकरच भंगारात जाईल.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय कंपनीच्या मूळ भागाचा. तो मिळत असेल तर सर्वात चांगला, पण बंद झालेल्या मॉडेलसाठी तो मिळणे कठीण आणि महागही.

दुसरा, बाहेरच्या कंपनीचा नवा भाग. तो घेताना चार गोष्टी विचाराव्यात : गाडी ज्या भारत स्टेज मानकाची आहे त्यासाठी तो तपासलेला आहे का, इंजिनच्या सीसीला जुळतो का, बाहेरची डबी स्टेनलेस स्टीलची आहे का आणि वॉरंटी लेखी मिळते का. किंमत फारच कमी असेल तर आत मौल्यवान धातूही कमी असणार. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या घरात गेला होता, हे लक्षात ठेवावे.

तिसरा, ‘स्पोर्ट्स’ कॅटकॉन. नेहमीच्या जाळीत चौरस इंचाला ४०० च्या आसपास छिद्रे असतात, यात २०० च्या आसपास. धूर मोकळा वाहतो, पण शुद्धीकरणासाठी पृष्ठभाग कमी उरतो. टर्बो नसलेल्या दीड लिटरच्या इंजिनाला मिळणारी जादा ताकद चालवताना जेमतेम जाणवेल.

चौथा, भंगारातला जुना. त्याचे किती आयुष्य उरले आहे, हे बाहेरून कळत नाही. कधी आतली जाळीच काढलेली असते.

इथल्या रस्त्यांचा काय संबंध?

कॉलनी ते एमआयडीसी अशा छोट्या फेऱ्यांत कॅटकॉन पुरेसा तापतच नाही. म्हणून नवा भाग मूळ जागीच, इंजिनपासून तेवढ्याच अंतरावर बसवावा. मागे सरकवला तर तापायला आणखी उशीर. चिंचणी, डहाणूकडच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. पावसाळ्यात तापलेली डबी पाण्याच्या डबक्यात बुडाली तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो, त्यामुळे वरचे संरक्षक पत्रे काढू नयेत.

पीयूसी मिळाली म्हणजे झाले?

नाही. पेट्रोल मोटारीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. बीएस-४ गाडीला आयडलिंगवर ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के, तर त्याहून जुन्या गाड्यांना तब्बल ३ टक्के. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी चाळणी मोठी. कॅटकॉनचे तिसरे काम होते की नाही, हे तर कोणीच पाहत नाही. तरीही प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग करावे काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. कारखान्यांच्या चिमण्यांपुढे एका मोटारीचा धूर किरकोळ, हा युक्तिवाद इथे नेहमी होतो. पण चिमणी उंचावर धूर सोडते, मोटार तो रिक्षात आणि स्कूटरवर बसलेल्याच्या तोंडाशी सोडते. कारखान्यांकडून हिशेब मागायचा तर आपल्या गाडीचाही द्यायला हवा.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी पासिंगला न्यावीच लागते. तेव्हा कॅटकॉन जागेवर आहे आणि आतून शाबूत आहे, हे परिवहन विभागाने पाहिले पाहिजे. पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइडचाही समावेश झाला पाहिजे. तोवर निर्णय मालकाच्या हातात आहे. मूळ भाग मिळाला तर तो, नाहीतर योग्य मानकाचा, ४०० छिद्रांचा, स्टेनलेस डबीचा नवा कॅटकॉन घ्यावा. सरळ पाइप मात्र नको.