सर्व्हर कोणाच्या घरी?

दिवाळीत भाचेकंपनी आजोळी, म्हणजे आमच्याकडे आली होती. फराळाचा पहिला जोर ओसरल्यावर भाच्याने विषय काढला, "मामा, आम्हा चौघांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर काढून दे ना. भाड्याने घ्यायला आई पैसे देत नाहीये." भाड्याने कशाला, घरात जुना लॅपटॉप पडलाय की, असं मी बोलून बसलो आणि एक अख्खी दुपार त्यात गेली. गेली ते बरंच झालं म्हणा.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर फुकट उतरवून घेता येतो. काळी खिडकी उघडायची, जावाला किती मेमरी वापरू द्यायची ते लिहायचं, सर्व्हर डॉट जारचं नाव द्यायचं, शेवटी 'नोगुई' लिहून एंटर मारायचा. चार ओळी सरसर धावल्या आणि सर्व्हर बंद! पोरांचे चेहरे पडले. पण बिघडलं काहीच नव्हतं. फोल्डरमध्ये 'यूला' नावाची एक फाइल तयार झाली होती. तिच्यात 'फॉल्स'चं 'ट्रू' स्वतःच्या हाताने करावं लागतं, म्हणजे करार मान्य. त्याशिवाय सर्व्हर पुढे सरकत नाही. एरवी न वाचता 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारणाऱ्या पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे आपण नक्की काय मान्य केलं?"

मग सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज. साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक नियम. जास्तीत जास्त खेळाडू २०, पोर्ट २५५६५, खेळ सोपा की अवघड, वगैरे. व्हाइटलिस्ट चालू केली की यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश. पुण्यातल्या एका मित्रालाही आत घ्यायचं होतं, पण आमचा ब्रॉडबँडवाला एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटतो, त्यामुळे बाहेरून आमच्या सर्व्हरपर्यंत वाटच नाही. असो. घरातल्या वाय-फायवर चौघं जमली, तेवढं पुरे झालं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. भाच्याने माझ्याकडून गोड बोलून 'ऑप', म्हणजे सर्व्हरचे अधिकार घेतले होते. साहेबांनी गुपचूप स्वतःला क्रिएटिव्ह मोडमध्ये टाकलं आणि बघता बघता किल्ला उभा! धाकटी बिचारी दगड खणतच होती. पण काळ्या खिडकीत सगळं उमटतं. कोणी, काय केलं, किती वाजता. धाकटीने ती ओळ वाचली आणि घर डोक्यावर घेतलं. अर्ध्या तासाच्या भांडणानंतर चौघांनीच ठरवलं की ऑप कोणालाच नाही. काही बदलायचं असेल तर सगळ्यांसमोर लॅपटॉपवर येऊन टाइप करायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्हा मोठ्यांना इतकं शहाणपण सुचलेलं मी तरी पाहिलं नाही.

आमच्या हॉस्टेलवर काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर असाच चालायचा. फ्रेंडली फायर १ की ०, यावर मेसमध्ये जेवणं थंड व्हायची. तेव्हा वाटायचं, सर्व्हर चालवणं ही कटकट. आज वाटतं, ती कटकट म्हणजेच मालकी होती. तो खेळ, तो सर्व्हर आजही चार टाळकी जमवून चालू करता येतो.

आता उलट उदाहरण बघा. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ साली आला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क नुसती चकती झाली. त्यातून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघापुढे मांडलेल्या तिच्या मागणीवर जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्या पूर्ण झाल्या.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि दहा वर्षं जुन्या खेळासाठी तो खर्च कोण करणार? पण कायम चालवा असं कोण म्हणतंय? दुकान बंद करताना किल्ली आमच्याकडे द्या, एवढंच. सर्व्हरचा प्रोग्रॅम द्या, पुढचं आम्ही बघू. १९९६ च्या 'क्वेक'चा सोर्स कोड आयडी सॉफ्टवेअरने १९९९ मध्ये खुला केला, आणि तो खेळ अजून जिवंत आहे. कंपनीचं त्यात काही बुडालं नाही.

आणि आमचा सर्व्हर तरी पूर्ण आमचा आहे का? प्रॉपर्टीजमध्ये 'ऑनलाइन-मोड' अशी एक ओळ आहे. ती 'ट्रू' असली की आत येणाऱ्या प्रत्येकाची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर तपासली जाते. म्हणजे घर आमचं, पण दारावरचा वॉचमन त्यांचा. तरी ती ओळ डोळ्यांना दिसते, आणि उद्या वॉचमन आलाच नाही तर ती बदलताही येते. 'द क्रू'वाल्यांच्या हातात अशी एकही ओळ नव्हती.

भाऊबीज झाली, पोरं निघाली. मी खिडकीत 'स्टॉप' टाइप करून सर्व्हर नीट बंद केला, 'वर्ल्ड' नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि धाकटीच्या हातात दिलं. चौघांची आठ दिवसांची मेहनत, तिच्या दगडांच्या घरासकट. "हे आमचंच ना, मामा?" तिने विचारलं.

हो म्हणालो. विकत घेतलेल्या किती खेळांबद्दल असं छातीठोकपणे हो म्हणता येईल, कोण जाणे.