अंगठा आमचा, कर्ज कुणाचे?



सावकाराच्या काळात कोऱ्या कागदावर अंगठा उठला की जमीन जायची. पण अंगठा घेणारा कोण, हे गावाला माहीत असायचे. त्याच्या दारात जाऊन भांडता यायचे. आता आपल्याच नावाने, आपल्याच सातबाऱ्यावर, आपल्याच बोटाच्या ठशाने व्यवहार होतो आणि आपल्याला पत्ता लागतो तो बँकेची नोटीस आल्यावर. शहरात याला ओळखचोरी म्हणतात आणि ज्याचे गेले त्यालाच विचारतात, 'तुम्ही सावध का राहिला नाही?' हा प्रश्नच आम्हाला मान्य नाही.

कागद आम्ही हौसेने वाटले काय? पीककर्जाला आधारची झेरॉक्स, विम्याला झेरॉक्स, अतिवृष्टीच्या मदतीला झेरॉक्स, ठिबकला झेरॉक्स. सोबत सातबारा, आठ-अ आणि पासबुकाचे पहिले पान. २०२५ पासून त्यात शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली. हे कागद सेतूच्या टेबलाखाली पडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, रद्दीत जातात. आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी पत्रक काढले की आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, सरकारने ते पत्रक मागे घेतले. धोका टळला म्हणून नव्हे, गैरसमज होईल म्हणून! झेरॉक्स मागणारी कार्यालये तशीच राहिली.

आता कापसाचे पाहा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. सीसीआयला कापूस घालायचा तर मोबाईलवर 'कपास किसान' अ‍ॅपमध्ये नोंदणी, आधार, सातबारा, पिकाची नोंद. खरेदीला एकरी मर्यादा. केंद्र उघडेपर्यंत कास्तकाराला दम कुठून निघणार? वेचणीची मजुरी रोख द्यायची, दिवाळी तोंडावर, सोयाबीन पावसाने नेलेले. मग खेडा खरेदीवाला दारात काटा लावतो. धरा की त्याने ६,८०० ने वीस क्विंटल घेतला. हा कापूस तो सीसीआयला घालणार, पण त्याच्याकडे सातबारा नाही. तो तुमचा घेतो, तुमच्या भावाचा घेतो, मुंबईला गेलेल्या चुलत्याचाही मिळवतो. क्विंटलमागे १,३१० रुपये, वीस क्विंटलचे २६,२००. तेवढे त्याच्या खिशात, आणि सरकारच्या दप्तरात लाभार्थी म्हणून नाव तुमचे. फरदडीचा उरलासुरला कापूस घेऊन तुम्ही केंद्रावर गेलात की उत्तर मिळते, 'तुमच्या क्षेत्राचा माल येऊन गेला.'

काही जण चार पैशांसाठी किंवा आधी घेतलेल्या उचलीपोटी स्वतःहून सातबारा देतात. ती चोरी नव्हे, गरजेचा सौदा आहे, हे आम्ही कबूल करतो. पण पैसा तुमच्या खात्यात येऊन गेला म्हणजे उद्या चौकशीत जबाब तुम्हाला द्यावा लागेल, व्यापाऱ्याला नाही. सातबारा उसना देण्याची वस्तू नाही. मात्र कास्तकाराला दोष देण्याआधी केंद्रे वेचणीबरोबर उघडा, म्हणजे सातबाऱ्याचा हा बाजार निम्मा तिथेच बसेल. ज्वारीचीही गत तीच. हमीभावाच्या खरेदीत पेरा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे.

विम्याचा खेळ तर उघडच झाला. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला आणि दुसऱ्याच्या गटावर, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर अर्ज भरणाऱ्या टोळ्या निघाल्या. २०२५ मध्ये सरकारने 'बोगस शेतकरी' म्हणत योजनाच बंद केली. ज्यांचे गट वापरले गेले ते शेतकरी बोगस नव्हते. बोगस होते ते अर्ज भरणारे. शिक्षा कुणाला झाली ते तुम्ही भोगतच आहात.

कर्जाची चोरी सर्वांत जड. २०१७ साली परभणी जिल्ह्यातील गंगाखेड भागात शेतकऱ्यांना न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा आल्या. शेतकऱ्यांच्या कागदांवर बँकांकडून रकमा उचलल्याचा गुन्हा एका साखर कारखान्याच्या चालकांवर नोंदला गेला. त्याला कसले यंत्र लागले नाही. लागल्या त्या झेरॉक्स आणि सह्या. सोसायटीत 'जुने-नवे' करताना कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही मागतात, ती याच जातीची. देऊ नका. गटसचिव रागावला तर रागावू द्या.

अंगठ्याच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. बँकमित्राकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी नाही, पिन नाही. २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणी-दस्तांवरचे ठसे रबरावर उतरवून त्यावर सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार पकडला गेला. पऱ्हाटी उपटून आणि वखर धरून झिजलेले आमचे खरे बोट रेशनच्या यंत्राला ओळखू येत नाही, पण रबराचे बोट चालले! खरे बोट की नक्कल हे तपासणारी सोय प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली, पण म्हणून निर्धास्त राहू नका.

प्राधिकरणाच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. फुकट आहे. रेशनला किंवा बँकमित्राकडे अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरते उघडायचे. यासाठी ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर, आणि पुष्कळांच्या आधारला सेतूवाल्याचा किंवा हरवलेल्या सिमचा नंबर आहे. आधी तो बदला. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसते. अनोळखी असेल तर तिथूनच बंद करायला कळवता येते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून काम, तारीख आणि सही घाला, अक्षरे छपाईवर येतील अशी. अंगठा लावल्यावर पावती घेतल्याशिवाय उठू नका. 'सर्व्हर डाऊन, पुन्हा लावा' म्हटले की दुसऱ्यांदा लावण्याआधी खात्यातली शिल्लक पाहा. आणि वर्षातून दोनदा स्वतःचा सातबारा काढून 'इतर हक्क' हा रकाना वाचा. बोजा तिथेच दिसतो.

पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात अडकला असेल तर तिथेच गोठवता येतो, म्हणून तासांना किंमत आहे. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले बँकेला कधीच आठवत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बजावले की दोष ग्राहकाचाही नसेल, बँकेचाही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल तर तोटा ग्राहकावर टाकायचा नाही. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात तसेच कळवले. शाखेत हे कुणी सांगणार नाही, म्हणून तुम्ही सांगा.

पोलीस 'सायबर ठाण्यात जा' म्हणतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. नाकारलीच तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क हे नेमके या चोरीचे आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. खोटे कर्ज निघाले तर फिर्यादीची प्रत जोडून बँकेला आणि सिबिलला दुरुस्तीचा अर्ज द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये काढला. बोजा चढला असेल तर तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच) लेखी हरकत.

इतके सगळे कोरडवाहू शेतकऱ्याने पेरणी सोडून करायचे, आणि कागद गळू देणाऱ्या कार्यालयाने काहीच नाही? आमची मागणी सरळ आहे. जे कार्यालय झेरॉक्स मागेल त्याने सही-शिक्क्यानिशी पोच द्यावी आणि तिचा गैरवापर झाला तर तोटा भरावा. वादातल्या कर्जाची वसुली, व्याज आणि सिबिलची नोंद निकाल लागेपर्यंत थांबावी. कुणाच्या गटावर विमा किंवा कापसाची नोंदणी झाली की गावच्या चावडीवर यादी लागावी, म्हणजे चोर गावालाच दिसेल.

जिल्हा बैठकीला येताना चालू सातबारा आणि भरून घेतलेले पासबुक आणा. अनोळखी बोजा, न घातलेला कापूस, न काढलेला विमा ज्यांच्या नावावर निघेल त्यांची यादी तिथेच करू आणि सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवू. आधारची झेरॉक्स कुणी आणू नये. आमच्या बैठकीला ती लागत नाही.