जो जाणतो त्याने बोललेच पाहिजे

दरवर्षी ३ डिसेंबर आला की भोपाळात सर्वधर्म प्रार्थनासभा होते, कार्यालयांना सुट्टी असते, वर्तमानपत्रांत तीच जुनी छायाचित्रे छापून येतात. आणि दरवर्षी आपल्याच मंडळींच्या बैठकीत कुणीतरी म्हणतोच, "चाळीस वर्षे उलटली, आता किती दिवस हेच उगाळत बसायचे?" या प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे. त्या रात्री वायू सुटला हा एक गुन्हा झाला. समोर बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या शरीरात कोणते विष गेले आहे, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्याला कळू दिले नाही, हा दुसरा गुन्हा. पहिल्याचे निदान खटले तरी चालले. दुसऱ्याची कुणी नीट चौकशीही केली नाही, आणि तो आजही रोज घडतो आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरला. लोकांना सावध करणारा भोंगा वाजला, पण काही मिनिटांतच बंद केला गेला. ट्रक, ऑटो, हातगाडी, स्कूटर, मिळेल त्या वाहनाने माणसे हमीदिया रुग्णालयात येऊन पडू लागली. डोळे जळालेले, तोंडाला फेस, अनेकांना शुद्ध नाही. डॉक्टरांनी कारखान्याकडे विचारणा केली तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याचे सांगणे असे, की हा वायू अश्रुधुरासारखा झोंबतो, जीव घेत नाही, पाण्याने डोळे धुवा! जे विष बनवीत होते त्यांनी हे सांगितले, आणि शवागारात तर जागा उरली नव्हती.

गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांनी शवविच्छेदन केले तेव्हा रक्त लालभडक आणि फुफ्फुसे द्रवाने जड झालेली आढळली. त्यांना सायनाईडची शंका आली आणि सोडियम थायोसल्फेट द्यावे, असे त्यांनी सुचविले. कंपनीच्या अमेरिकेतील वैद्यकीय विभागानेही आरंभी, सायनाईडची शंका असल्यास हेच औषध द्या, असे कळविले होते. पुढे तो सल्ला फिरवला गेला. राज्याच्या आरोग्य खात्यानेही, प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याशिवाय ते देऊ नका, असा हुकूम काढला. फेब्रुवारी १९८५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने थायोसल्फेट देण्याच्या सूचना दिल्या. तरीही त्याच वर्षी जूनमध्ये, हे इंजेक्शन देणाऱ्या जयप्रकाश नगरच्या लोकांच्या दवाखान्यावर पोलीस पाठविले गेले! सायनाईड होते की नव्हते हा वैज्ञानिक वाद आजही मिटलेला नाही. आमचा मुद्दा त्या वादाचा नाही. ज्याच्याकडे विषाची कुंडली होती त्याने ती पहिल्या तासात डॉक्टरांपुढे का ठेवली नाही, एवढेच आमचे विचारणे आहे.

असे करता येते, हे जगाने पाहिले आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडण्यात आला. अग्निशमन दलाने प्रथम भलत्याच रसायनाचे नाव सांगितले. रुग्णवाहिकांवरील १३५ कर्मचारी स्वतःच बाधित झाले, कारण आपण काय उचलून नेत आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पण मात्सुमोतो शहरात आदल्या वर्षी असेच रुग्ण पाहिलेल्या एका डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवर लक्षणे पाहिली आणि आपणहून टोकियोच्या रुग्णालयाला दूरध्वनी केला, की हा सरीन असावा. कुणी विचारायला गेले नव्हते. ते जाणत होते, म्हणून बोलले. त्याच दिवशी योग्य उतारा सुरू झाला.

आता आजच्या भोपाळकडे या. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून कोसळलेला मुलगा, इन्सुलिन घेऊन जेवायचे विसरलेले आजोबा आणि सीहोरकडच्या शेतात फवारणी करताना पडलेला गडी, हे तिघेही १०८ च्या कर्मचाऱ्याला प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. हाक मारली तर उत्तर नाही. तो कर्मचारी आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहतो, मग श्वास चालू आहे का, श्वासमार्ग मोकळा आहे का, नाडी लागते का. प्राणवायू लावतो, बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या तपासतो. एवढे कारण ठाऊक नसतानाही करता येते. त्यापुढचे पाऊल मात्र कारणाशिवाय पडत नाही. साखर घटली असेल तर ग्लुकोज, कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपीन, सायनाईड असेल तर निराळाच उतारा. गाडी दहा मिनिटांत आली पण माहिती दोन तासांनी आली, तर त्या गाडीचा उपयोग किती?

आणि माहिती येत नाही, हाच अनुभव आहे. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरीन सुटला, माणसे रस्त्यात बेशुद्ध पडली, १२ जण गेले, आणि कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही. ३० एप्रिल २०२३ रोजी लुधियानाच्या गियासपुऱ्यात ११ जण चालता-बोलता कोसळले. कशाने, हे शोधायला नंतर चौकशी बसवावी लागली. लांब कशाला? ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याच ईदगाह हिल्सच्या जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन गळला आणि मदर इंडिया कॉलनीतील माणसांना पुन्हा त्याच हमीदियात न्यावे लागले. वस्तीलगत क्लोरीनच्या टाक्या ठेवलेल्या आहेत, हे त्या घरांना आधी कुणी समजावले होते काय?

कायदे झाले नाहीत असे नाही. भोपाळनंतरच कारखाना कायद्यात १९८७ साली माहिती उघड करण्याची सक्ती आली, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी जिल्हा संकट गट नेमण्याचे ठरले. कागद उत्तम आहेत. आम्ही बँकेतली माणसे, कागदाची किंमत जाणतो. साधे बचत खाते उघडायचे तर ओळखपत्र, पत्ता, छायाचित्र, सगळे द्यावे लागते. व्याजाचे दर शाखेत फलकावर लावावे लागतात. मग वस्तीशेजारी विष साठवणाऱ्याने साधा फलकही का लावू नये?

"लोक घाबरतील" असे सांगितले जाते. १९८४ मध्ये लोकांना काहीच सांगितले नव्हते, तेव्हा ते घाबरले नाहीत की काय? तो वायू हवेपेक्षा जड होता. पळू नका, ओले फडके तोंडावर धरा, एवढे जरी ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगितले असते तरी कित्येकजण वाचले असते. न सांगितल्यामुळे लोक धावले, धावल्यामुळे अधिक वायू छातीत गेला. नुकसानभरपाईच्या हिशेबातच ५,२९५ मृत्यू धरले गेले आहेत. त्यांतले किती वायूने गेले आणि किती मौनाने, हा हिशेब कुणी मांडायचा?

एक कटू गोष्टही बोलू. १९५६ नंतर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आलेली आपली घरे बव्हंशी नव्या भोपाळात वसली. वायू जुन्या शहराचा, दुःख त्यांचे, अशी सोयीची समजूत आपल्यातही रुजली. पण क्लोरीन, अमोनियाचे शीतगृह, रस्त्यावर उलटणारा टँकर हे वॉर्ड पाहून येत नाहीत. मुले पुण्याला-बंगळुरूला आणि घरात दोन वृद्ध, ही अरेरा कॉलनीची आजची स्थिती. तिथे बेशुद्ध माणसाच्या वतीने बोलणार कोण?

तेव्हा येत्या नगर निगम निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण तीन गोष्टी विचारू. आपल्या वॉर्डात आणि लगतच्या वॉर्डांत घातक रसायन कुठे, किती साठवले आहे याची यादी हिंदीत, ठळक अक्षरांत चौकात लागेल काय? तीच यादी, लक्षणे व उताऱ्यांसह, १०८ च्या नियंत्रण कक्षात आणि हमीदियाच्या अपघात विभागात राहील काय? आणि वर्षातून एकदा भोंगा वाजवून वस्तीची तालीम होईल काय? उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनांवर हे शहर एकदा मेले आहे.

आपल्या बाजूनेही एक काम करू. घरातील ज्येष्ठांचे आजार, औषधे, मात्रा आणि डॉक्टरांचे नाव लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि शेजाऱ्याला दाखवून ठेवा. शासनाकडे माहिती मागणाऱ्याने स्वतःच्या घराची माहिती कुलपात ठेवू नये.