निरोपापूर्वींची तयारी

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली त्या दिवशीं आम्हीं दहावींतील सहा जणांनीं मिळून एक प्रतिज्ञा केली. बाटलींतलें गोड, फसफसणारें पेय यापुढें प्यावयाचें नाहीं, अशी ती प्रतिज्ञा होती. वहीच्या पानावर ती लिहून खालीं आम्हीं सह्याहि केल्या. चौथ्या दिवशीं सायंकाळीं फुटबॉलचा खेळ आटोपला, आणि पांचव्या दिवशीं तें पान वहींत नव्हतें. तें कोणीं फाडलें याचा शोध करण्याचें कारणहि उरलें नव्हतें. कारण सहाहि जणांच्या हातांत बाटल्या होत्या. मनुष्याचा निश्चय किती क्षणभंगुर असतो, या विषयावर त्या आठवड्यांत आम्हांस निबंध लिहावयास सांगितला असता, तर आम्हां सर्वांस पूर्ण गुण मिळाले असते!

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हीं पुन्हां प्रयत्न केला, आणि या खेपेस त्यास बरेंच यश आलें. दोन्ही वेळां माणसें तींच होतीं, दुकान तेंच होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचें मनोबळहि तेवढेंच होतें. फरक एवढाच कीं, पहिल्या खेपेस आम्हीं एकदम सोडलें, व दुसऱ्या खेपेस सोडण्यापूर्वीं कांहीं आठवडे तयारी केली. या अनुभवावरून आमचें जें मत बनलें, तें आम्ही आमच्या शाळेंतील बंधुभगिनींपुढें व त्यांच्या आईवडिलांपुढें नम्रपणें ठेवूं इच्छितों. तें मत असें कीं, संवय सुटते ती प्रतिज्ञेच्या दिवशीं नव्हे, तर त्याच्या आधींच्या दिवसांत.

या पेयाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडांतील लीड्स शहरीं जोसेफ प्रीस्टले नांवाचे धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ राहत असत. १७६७ सालीं त्यांनीं शेजारच्या बिअरच्या कारखान्यांत, आंबणाऱ्या पिंपावर जमणारा वायु पाण्यांत मुरवून पाहिला, आणि पुढें १७७२ सालीं असें पाणी बनविण्याची कृति छापून प्रसिद्ध केली. खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर या पाण्याचा उपयोग होईल, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. पण पाणी मात्र लोकांच्या जिभेवर बसलें. १८७२ सालीं हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानें कांचेच्या गोटीची बाटली काढली. तीच आपल्याकडील गोटीसोड्याची बाटली होय. आंतील वायूच्या दाबानें गोटी तोंडाशीं घट्ट बसते, व ती खालीं दाबली कीं आपल्या ओळखीचा तो आवाज होतो. १८८६ सालीं अमेरिकेंत अटलांटा येथें जॉन पेम्बर्टन या औषधविक्यानें आपला कोला बनविला, तोहि गुणकारी पेय म्हणूनच. प्रकृतीस गुण यावा म्हणून बोलावलेला पाहुणा घरांत यजमान होऊन बसावा, तसें हें झालें आहे.

"एवढ्याशा बाटलीनें काय होतें?" असा प्रश्न आमच्यापैकींच एकानें केला होता. त्यास उत्तर देण्यासाठीं वादविवाद करावा लागला नाहीं. नेहमींच्या कोला पेयांत १०० मिलिलिटरांस सुमारें १० ग्रॅम साखर असते, हें बाटलीवरच छापलेलें असतें. २५० मिलिलिटरांच्या बाटलींत ती सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे भरते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांतील मावशींकडून आम्हीं तेवढी साखर मागून घेतली, आणि पेलाभर साध्या पाण्यांत विरघळविली. सहांपैकीं एकालाहि तो पेला पुरा पितां आला नाहीं. मग रोज तीच साखर आम्ही कशी पीत होतों? थंडपणा व आंबटपणा या दोहोंच्या आड तिची गोडी लपते, म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला दिला कीं, खाण्यापिण्यांत वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, व ती ५ टक्क्यांहूनहि कमी असल्यास अधिक बरें. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसास सुमारें २५ ग्रॅम साखर. तेव्हां एका लहान बाटलींतच दिवसाचा हिशेब पुरा होतो. सकाळच्या चहांतील साखर आणि डब्यांतील गुळाची पोळी या दोन्ही उधारीच्या खात्यावर जातात! शिवाय हें पेय आम्लधर्मी असल्यामुळें दांतांवरील कठीण कवच झिजतें, तें निराळेंच.

परंतु यांतील पुष्कळसें आम्हांस जूनमध्येंहि ठाऊक होतें. तरीहि प्रतिज्ञा मोडली. नुसतें ज्ञान मनुष्यास दुकानाच्या पायरीपर्यंत अडवूं शकतें. पायरीवर पाऊल पडलें कीं तें निमूटपणें मागें उभें राहतें.

म्हणून नोव्हेंबरांत आम्हीं प्रतिज्ञा केली नाहीं. एक वही केली. पहिले पंधरा दिवस पिण्यावर कसलेंहि बंधन नव्हतें. बाटली उघडण्यापूर्वीं वेळ कोणती, ठिकाण कोणतें, बरोबर कोण आहे, आणि या क्षणीं शरीरास किंवा मनास खरोखर काय हवें आहे, एवढ्या चार गोष्टी लिहावयाच्या, इतकाच नियम होता. पंधरवड्यानें ती वही एकत्र बसून वाचली तेव्हां आम्ही चकित झालों. बाटली एकच होती. पण कारणें सहा होतीं.

आमच्यांतील खेळाडू खेळानंतर निव्वळ तहानेनें पीत होता. दुसरा सकाळीं न्याहारी न करतां शाळेंत येई, आणि मधल्या सुट्टींत भूक मारण्यासाठीं बाटली घेई. तिसऱ्यास रात्रीच्या अभ्यासाच्या वेळीं झोप येई, ती घालविण्यास तो दोन बाटल्या रिचवी. चौथ्यास या पेयाची विशेष आवड नव्हतीच. पण दुकानापाशीं मित्रमंडळ जमे, आणि तेथें रिकाम्या हातांनीं उभें राहणें त्यास संकोचाचें वाटे. पांचव्यास घशांत उठणारा झणका प्रिय होता. सहावा घरीं राहणारा. फ्रिज उघडला कीं समोर बाटली दिसे, म्हणून तो पीत असे. दुसरें कारण त्याला शोधूनहि सांपडलें नाहीं.

आतां सांगा, या सहांना एकच औषध कसें लागू पडावें? जूनमध्यें आम्हीं बाटली तेवढी काढून घेतली. पण तिच्या मागें जी तहान, भूक, झोप किंवा मैत्री उभी होती, तिची कांहींच सोय लावली नव्हती. ती सोय लावण्यांत आमचे पुढील दिवस गेले.

खेळाडूनें मैदानावर पाण्याची मोठी बाटली नेण्यास आरंभ केला, व घसा कोरडा पडण्याची वाट न पाहतां दर विश्रांतींत पाणी पिण्याचा नेम धरला. न्याहारी चुकविणाऱ्यानें आईस विश्वासांत घेतलें. आतां तो सकाळीं पोहे किंवा दूधभाकरी खाऊन येतो, आणि मधल्या सुट्टींत त्यास दुकानाची आठवणहि होत नाहीं. मित्रांसाठीं दुकानापाशीं जाणाऱ्याचें काम खाऱ्या दाण्यांच्या पुडीनें भागलें. हातांत कांहीं तरी असावें, एवढीच त्याची गरज होती. झणक्याच्या चाहत्यास आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनीं समजावून सांगितलें कीं, तो झणका साखरेचा नव्हे. पाण्यांत मुरलेल्या वायूचें सौम्य आम्ल बनतें व तें तोंडांतील व घशांतील मज्जातंतूंस डिवचतें, त्याचा तो परिणाम होय. तेव्हांपासून तो लिंबू पिळून मीठ घातलेला, बिनसाखरेचा सोडा पितो, व तोहि आठवड्यांतून एखाद्या वेळींच.

झोपेशीं झगडणाऱ्याचें प्रकरण मात्र नाजूक होतें. कोला पेयांत कॅफीन असतें. तें रोज घेणाऱ्यानें एकदम बंद केलें, तर बहुधा बारा ते चोवीस तासांत डोकें दुखूं लागतें, सुस्ती येते, चिडचिड होते. आणि हा त्रास दोन दिवसांपासून आठवडाभर किंवा त्याहूनहि थोडा अधिक टिकतो. जूनमध्यें दुसऱ्याच दिवशीं त्याचें डोकें दुखलें होतें, आणि पावसांत भिजल्याचा तो परिणाम असें समजून त्यानें त्यावर कोलाचाच उतारा शोधला होता! या खेपेस तो पायरी पायरीनें उतरला: दोन बाटल्यांवरून एकीवर, एकीवरून अर्धीवर, आणि मग शून्यावर. अभ्यासाची एक घटकाहि त्यानें रात्रींतून काढून पहांटेवर नेली. येथें एक इशारा दिला पाहिजे. कोला सोडून कोणी 'शक्ति' देणाऱ्या पेयाच्या डब्याकडे वळूं नये. त्यांत कॅफीन अधिक असतें, आणि तें मुलांसाठीं योग्य नाहीं अशी सूचना नियमाप्रमाणें त्या डब्यावरच छापलेली असते.

कोणी म्हणतील, हीं बंधनें सरकारनें घालावीं. मुलांवर हा भार कशाला? सरकारनें कांहीं केलेंच नाहीं असें नव्हे. अति साखर, मीठ व स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व शाळेच्या दारापासून ५० मीटरांच्या आंत विकूं नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०२० सालीं केलेला आहे. नियम चांगलाच आहे. पण आम्ही जेथें जात होतों तें दुकान त्याच्याहि पलीकडे आहे. कायद्याचे पाय पन्नास मीटरांवर थांबतात. संवयीचे थांबत नाहींत. त्या दुकानदारास दोष देण्याचेंहि आमच्या मनांत नाहीं. आम्हीं मागितलें तें त्यानें दिलें; आतां आम्ही दाणे मागतों, तेहि तो हंसतमुखानें देतो.

सहाव्याची हकीकत आम्हीं शेवटासाठीं राखून ठेवली, कारण ती विशेषतः आईवडिलांनीं वाचावी अशी आमची इच्छा आहे. त्याच्या वडिलांस मधुमेह आहे. त्या घरीं चहांत साखर नसते, सणालाहि गोडधोड बेतानेंच होतें. परंतु आपल्या आजारामुळें मुलाच्या जिभेचे हाल होऊं नयेत, म्हणून वडील स्वतः दर रविवारीं मोठी बाटली आणून फ्रिजमध्यें ठेवीत. प्रीतीनें आणलेली वस्तु नको कशी म्हणावी, या विचारानें मुलगा कित्येक दिवस गप्प राहिला. अखेरीस त्यानें एके रात्रीं ती वही वडिलांपुढें ठेवली व म्हणाला, "बाबा, मला ही नको आहे. समोर असते म्हणून पितों." वडील बराच वेळ वही चाळीत बसले. मग हलक्या आवाजांत म्हणाले, "बरें झालें सांगितलेंस. तुम्ही निजल्यावर घोटभर मीहि घेत होतों." त्या रविवारपासून त्या घरांत बाटली आलेली नाहीं, ताकाचें भांडें मात्र नेमानें भरलेलें असतें.

हें ऐकल्यावर आम्हां सर्वांच्या मनांतील थट्टा मावळली. आपण सोडतों आहों ती केवळ वीस रुपयांची चैन नव्हे, तिच्या मागें कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असूं शकतो, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. म्हणून पालकांस आमची हात जोडून विनंति आहे: मुलांस उपदेश थोडा कमी केला तरी चालेल, पण घरांत बाटली आणूं नये. पाहुण्यांपुढें कोकमाचें सरबत, पन्हें किंवा जिरें घातलेलें ताक ठेवल्यानें घराची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. मात्र सरबतांतहि साखरेचा हात आंखडताच असावा. आणि मूल एखादी संवय सोडण्याची भाषा बोलूं लागलें, तर "बघूं किती दिवस टिकतें" असें म्हणून त्यास हंसूं नये. त्या एका वाक्यानें जेवढ्या प्रतिज्ञा मोडल्या असतील, तेवढ्या दुकानदारांनींहि मोडल्या नसतील.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारीं आम्हीं बाटलीचा निरोप घेतला. सर्व कांहीं सुरळीत झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमच्यापैकीं दोघांचा तोल गेला. परंतु दुसऱ्या दिवशीं दोघांनींहि वहींत वेळ, ठिकाण व कारण स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि पुन्हां आरंभ केला. जूनमध्यें आम्हीं पान फाडलें होतें. या वेळीं तें लिहिलें. आमच्या मतें सगळी प्रगति या एका गोष्टींत आहे.

ही संवय ज्यांस सोडावयाची असेल त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे: उद्यांच सोडण्याची घाई करूं नका. उद्यां एक वही करा.