नकाशावरचे नाव पुरे, आता तारीख द्या

राज्यात तीन संरक्षण कॉरिडॉर व्हावेत, ही मागणी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुलै २०२५ मध्ये दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यापुढे मांडली. विदर्भाच्या वाट्याच्या कॉरिडॉरमध्ये नागपूर, वर्धा, सावनेर यांच्याबरोबर अमरावतीचे नाव आहे. अकोल्याचे नाही. या नावावर अमरावतीकरांनी हुरळून जाऊ नये आणि ते नाही म्हणून अकोलेकरांनी नुसते रुसूनही बसू नये. नकाशावर नाव येण्याचा अनुभव वऱ्हाडाने पुरेसा घेतला आहे. आता हवी ती तारीख.

भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीचेच पाहा. खांद्यावरून डागता येणाऱ्या, कमी पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांचा कारखाना अमरावतीत होणार, हे आपण दशकभराहून अधिक काळ ऐकत आहोत. कंपनीच्या कागदपत्रांत अमरावतीचे नाव वर्षानुवर्षे छापले गेले. येथून आजवर एकही क्षेपणास्त्र बाहेर पडलेले नाही. कारण सांगितले जाते ते केंद्राच्या खरेदीचे. २०१० मध्ये निघालेल्या निविदेत स्वीडन, फ्रान्स आणि रशिया उतरले, २०१८ मध्ये रशियाची बोली सर्वांत कमी ठरली आणि पुढे सारे अडकले. संरक्षण खरेदीला वेळ लागतो, हे मान्य. पण दिल्लीची फाइल अडली म्हणून अमरावतीच्या पोरांनी म्हातारे व्हावे काय? देशी क्षेपणास्त्र विकसित होत असताना त्याच्या उत्पादनासाठी ही जागा तयार ठेवण्यापासून कोणी कोणाला रोखले होते?

२०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले दोन कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला मिळाले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी झाशीत याच भारत डायनॅमिक्सच्या ४०० कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी केली. कंपनी तीच, सरकार तेच. फरक पडला तो पाठपुराव्यात. झाशीच्या मागे तिचे राज्य उभे राहिले. अमरावतीच्या मागे कोण उभे राहिले, याचे उत्तर येथील प्रत्येक आमदार-खासदाराने द्यायला हवे.

लहान असणे ही सबब येथे चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती आणि अकोल्याची १८ लाख. युरोपात लिथुआनिया हा अख्खा देश अमरावतीएवढा आणि लाटव्हिया अकोल्याएवढा आहे. एस्टोनिया तर त्याहून लहान. या तिन्ही देशांनी एकटे लढण्याचा हट्ट सोडला आणि एस्टोनियातील टार्टू येथे १९९९ मध्ये तिघांचे मिळून संरक्षण महाविद्यालय उभे केले. बेल्जियम आणि नेदरलँड्सची नौदले १९९६ पासून एकाच ॲडमिरलच्या हुकमाखाली आहेत. हे दोन देश आळीपाळीने एकमेकांचे आणि शेजारच्या लक्झेंबर्गचेही आकाश राखतात. तेथे संरक्षणमंत्री शेजाऱ्याकडे जातो तेव्हा सलामी आणि मेजवानीवर भेट संपत नाही. मागे काम उरते. लिथुआनियाने तोफगोळ्यांच्या कारखान्यासाठी २०२४ मध्ये जर्मन कंपनीशी करार केला आणि परवानग्या अडू नयेत म्हणून कायदाच बदलला. २९ लाखांचा देश हे करतो. २९ लाखांच्या जिल्ह्याला पंधरा वर्षे तारीख मिळत नाही.

मार्च २०२५ मध्ये बेल्जियमच्या राजकन्या अस्ट्रिड यांचे मोठे शिष्टमंडळ भारतात आले. त्यात त्या देशाचे संरक्षणमंत्रीही होते. दिल्ली आणि मुंबई येथे त्यांच्या भेटीगाठी झाल्या. अशा पाहुण्यांना वऱ्हाडात आणण्याचा विचार आपल्या उद्योग खात्याच्या मनात कधी येतो का? आणि आणायचे तर उतरवायचे कुठे? अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू व्हायला १६ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. अकोल्याचा शिवणी विमानतळ १९४३ सालचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. धावपट्टी वाढवण्यासाठी कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा घोळ किती सरकारांनी घातला, हे अकोलेकरांना तोंडपाठ आहे. युद्धकाळात बांधलेला विमानतळ ज्यांना ८० वर्षांत मोठा करता आला नाही, त्यांनी संरक्षण उद्योगाच्या घोषणा जपून कराव्यात.

अकोल्याला वगळणे तर मुळातच चूक आहे. तोफगोळा पुढे ढकलणारी दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि नायट्रोसेल्युलोज मुख्यतः बनते ते सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून. युक्रेन युद्ध पेटल्यानंतर युरोपातल्या कारखान्यांना याच मालाची टंचाई भासली, कारण त्यांचा बहुतांश लिंटर चीनमधून येतो. ज्याच्यासाठी युरोप चीनच्या तोंडाकडे पाहतो, तो कापूस अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूरच्या काळ्या मातीत पिकतो. अकोल्याची सरकी तेलघाण्यात जाते, ढेप होते, गुरांपुढे पडते आणि शेतकऱ्याच्या हाती हमीभावही धड पडत नाही. भंडाऱ्याच्या जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना याच विदर्भात आहे. कापूस येथे, कारखाना येथे. या दोहोंना जोडणारा लिंटर शुद्धीकरणाचा उद्योग अकोल्यात का नको? कॉरिडॉर आखणाऱ्यांनी कापसाच्या गावाकडे पाहिलेच नाही.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. भारत डायनॅमिक्सच्या अमरावती प्रकल्पातून उत्पादन केव्हा सुरू होणार, ती तारीख संरक्षण मंत्रालयाने संसदेत सांगावी. कॉरिडॉरमध्ये अकोल्याचा समावेश व्हावा. शिवणीच्या धावपट्टीचा प्रश्न याच सरकारच्या कारकिर्दीत निकाली निघावा. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी वऱ्हाडी मुले पुण्या-हैदराबादच्या गाड्या भरून जात आहेत. त्यांना आणखी एक कोनशिला दाखवणे हा अन्याय आहे. पश्चिम विदर्भातल्या सर्वपक्षीय लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन दिल्ली गाठावी आणि तारीख लेखी घेतल्याशिवाय परतू नये. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी पुढच्या निवडणुकीत संरक्षण कॉरिडॉरच्या नावाने मते मागू नयेत.