उधन्याची गाडी

सुरतेकडे जाताना उधना येते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी इथेच येतो, जात लपवतो, आणि ती उघड होताच मार खातो. मारणारे जमीनदार नव्हेत, कामगारच. वाचवायला धावतो काशिनाथ. त्याने जात कधीच लपवली नव्हती.

कॅन थेंबांच्या 'द डुबे ट्रेन' या दक्षिण आफ्रिकी कथेत गुंड एका मुलीला छळतो, आणि डबाभर काळे, पिचलेले पुरुष गप्प बसतात. याला भीती म्हणणे मला पटत नाही. एक धिप्पाड उतारू त्या गुंडाला खिडकीबाहेर फेकतो, तेव्हा हाच डबा प्रसंग चवीने चघळतो! ही भीती नव्हे, सवय आहे.

आपल्या नंदुरबारच्या गाडीत तरी वेगळे काय? ऊसतोडीला गुजरातेत निघालेले आदिवासी कुटुंब बोचकी घेऊन दाराशी उभे असते. बाकावर जागा असते. "पुढे सरका," कोणीतरी दरडावतो. दरडावणाराही मजूरच असतो. मागच्या खेपेस मी पुस्तक तोंडासमोर धरले. पुस्तक बागुलांचेच होते.