लोणी कुणाच्या टाळूवरचं?

तेरवीच्या पंगतीत बसून विधवेला कायदा शिकवणारे गृहस्थ गावोगावी असतात; बल्लारपूरच्या वाट्याला ते जरा जास्तच आले आहेत. त्यांतल्या एकांनी गेल्या महिन्यात, दुसऱ्यांदा बुंदी वाढून घेता घेता, निकाल देऊन टाकला. "ताई, अपघात चौकातला आहे. चौकात चूक दोघांचीही असते. दावा टिकत नाही, वकील निम्मे खातो. चूक न बघता पाच लाख मिळतात, ते घ्या अन् मोकळ्या व्हा." मग आवाज खाली आणून, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं असं लोकांनी म्हणू नये."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "मले काय समजते भाऊ, तुमीच सांगा." पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसलो. इथं बसणार नाही.

'चौकात चूक दोघांचीही' या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. ऐकायला ते मोठं समतोल वाटतं. त्याचा खरा अर्थ एवढाच की बोलणाऱ्यानं पंचनामा वाचलेला नाही. मी वाचला. त्याआधी, ताईच्या नवऱ्याला ट्रकची धडक बसली त्या फाट्यावरही जाऊन आलो. अपघाताचा दुसरा दिवस होता. काचा सांडल्या होत्या तिथलं खडूचं वर्तुळ कोळशाच्या भुकटीखाली जवळजवळ दिसेनासं झालं होतं. ट्रकच्या ब्रेकचा काळा पट्टा मात्र शाबूत. पावलांनी मोजला, सतरा पावलं. आणि तो सगळा वर्तुळाच्या पलीकडे. अलीकडे वीतभरही नाही. म्हणजे ब्रेक लागला तो धडकेनंतर. हीच गोष्ट पंचनाम्यात दोन ओळींत लिहिलेली आहे. गृहस्थांनी त्या वाचल्या असत्या तर बुंदी गार झाली असती, एवढंच नुकसान.

चौकालाही कायदा असतो, हे आपल्याकडे कुणाला पटतच नाही. 2017 च्या वाहन चालविण्याच्या विनियमांत साफ सांगितलेलं आहे: चौकाजवळ येताना वेग कमी करायचा, मुख्य म्हणून ठरवलेल्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, तसं काही ठरलेलं नसेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला. आमचा बामणी फाटा डोळ्यांपुढे आणा. राजुऱ्याकडून बल्लारपुरात येणाऱ्याच्या उजव्या हाताला कोठारी-गोंडपिपरीचा रस्ता येऊन मिळतो. तिथं आधी कोण, याचं उत्तर नियमात सापडतं, ट्रकच्या चाकांच्या संख्येत नाही. आमच्याकडे मात्र ज्याची चाकं जास्त, त्याचा रस्ता.

बरं, घटकाभर धरू की चूक दोघांचीही होती. म्हणून दावा बुडतो? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चुकीची टक्केवारी ठरवतं आणि भरपाईतून तेवढाच हिस्सा वजा करतं. हिशेबच करू. समजा, माणूस 34 वर्षांचा, नोकरी कायम नाही, महिन्याची कमाई 15,000. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी घालून दिलेली रीत अशी: पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 21,000. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा काढायचा, उरले 15,750. वर्षाचे 1,89,000. या वयाला गुणक 16. झाले 30 लाख 24 हजार. त्यातून 30 टक्के चूक मेलेल्याची धरून वजा करा, तरी 21 लाख 16 हजार 800 उरतात. अंत्यसंस्कार वगैरे बाबींची रक्कम वेगळीच. गृहस्थांचा समतोल सोळा लाखांना पडतो, आणि तोही दुसऱ्याच्या खिशातून.

आणि ज्यांच्या हाती स्टिअरिंगच नव्हतं त्यांचं काय? मे 2022 मध्ये चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडांचा ट्रक धडकले. नऊ जण होरपळून गेले. ट्रकवर मजूर होते. त्यांच्या घरच्यांनाही 'चूक दोघांचीही' असंच सांगायचं? दोन वाहनांच्या चुकीत तिसरा सापडला तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई वसूल करू शकतो, हे 2015 मध्येच ठरून गेलं आहे.

याच गृहस्थांशी माझा जुना तंटा गतिरोधकाचा. फाट्यावर गतिरोधक हवा म्हणून आम्ही सह्या गोळा केल्या, तेव्हा त्यांच्या गाडीचं पोट घासतं म्हणून त्यांनी सही नाकारली होती. सिग्नलच्या वेळी म्हणाले, थांबलेल्या ट्रकचा धूर होतो. पोट घासू नये, धूर होऊ नये, आणि माणूस मेला की चूक दोघांची. विषयांतर झालं खरं, पण बरं वाटलं.

बाकीचे मुद्दे भराभर. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी दावा चालतो. 1980 पासून चालतो आहे. मेलेल्याकडे लायसन्स नव्हतं किंवा गाडीवर तिघं होते, एवढ्यानं त्याची चूक ठरत नाही. त्याचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. वकिलाला भरपाईत हिस्सा ठरवायला त्याच्याच व्यवसायाचे नियम मनाई करतात. आणि ते पाच लाख! मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली ते चूक सिद्ध न करता मिळतात, खरं आहे. पण विमा कंपनीशी तडजोड करून ते एकदा स्वीकारले की कलम 166 चा मोठा दावा संपतो. 'मोकळ्या व्हा'चा अर्थ हा.

राहिलं लोणी. प्रत्येक ट्रकमालकाला तृतीय पक्षाचा विमा कायद्यानं भरावाच लागतो. तो भरायचा कशासाठी? ज्याला धडक बसेल त्याच्यासाठी. त्याच्यासाठी भरलेले पैसे त्याच्या मुलांनी मागितले तर ते लोणी. गृहस्थांनी गेल्या पावसाळ्यात बंपरच्या पोचेचे चार बाजूंनी फोटो काढून क्लेम घेतला. तो मात्र हक्क.

माझं म्हणणं मोठं नाही. दावा करावा, आणि वेळेत करावा. 1994 मध्ये काढलेली सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण त्या भरवशावर बसू नये. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकच्या विम्याचा कागद, एवढं हाती असलं की चंद्रपूरच्या न्यायाधिकरणात अर्ज पडतो. मग वर्षं लागतात, हे मान्य.

ताईच्या फायलीत यातलं सगळं जमलं आहे. अडलं आहे ते कमाईच्या पुराव्यावर. नवरा डेपोवर रोख हजेरीनं जायचा. कागद नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा अंदाज धरतं, आणि वरचा सगळा हिशेब खाली येतो. मुनीमाच्या लाल वहीत त्याचं नाव आहे, रोजच्या आकड्यासकट. मुनीम म्हणतो, मालकाला विचारून सांगतो. सोमवारी परत बोलावलं आहे.